दुरुस्त होऊन आला, तरी बिघडलेलाच!

व्हिडिओ गेमचा कंट्रोलर दुकानातून परत आल्यावरही नीट चालत नसेल, तर मुलावर चिडू नका आणि नवा घेण्याचीही घाई करू नका. दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी अर्ध्या तासात ओळखता येते.

परीक्षा संपतात, सुट्टी लागते आणि घरातला व्हिडिओ गेम कपाटातून बाहेर येतो. दोन दिवस मजेत जातात. तिसऱ्या दिवशी तक्रार सुरू होते, "आई, माझा खेळाडू आपला आपणच चालतोय!" आजी ज्याला रिमोट म्हणते, तो हातातला कंट्रोलर बिघडलेला असतो. अंगठ्याखालची स्टिक सोडून दिली तरी पडद्यावरची गाडी डावीकडे ओढत राहते.

मग वडील कंट्रोलर बाजारात घेऊन जातात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो की बंगळुरूचा एस.पी. रोड, दुरुस्ती करून देणारे सगळीकडे भेटतात. आठ दिवसांच्या खेपा आणि खिशातले पैसे खर्ची पडल्यावर कंट्रोलर घरी येतो. पण दोनच दिवसांत पहिले दुखणे परत येते. कधी कधी तर ते बरे होते, पण जे बटण आधी ठणठणीत होते तेच दाबले जात नाही.

अशा वेळी घरात तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. "तूच आपटला असशील." "त्या दुकानदाराने आपल्याला फसवले." आणि "जाऊ दे, नवाच आणू." तिन्ही वाक्ये पुराव्याशिवाय बोललेली असतात. पहिल्याने मूल दुखावते, दुसऱ्याने दुकानात नुसती बाचाबाची होते आणि तिसऱ्याने घराचे अंदाजपत्रक कोलमडते. त्यापेक्षा आधी दोष शोधावा, हे शहाणपणाचे.

पोराचा दोष की स्टिकचा?

ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण फिरवले की खरखर ऐकू यायची. त्या बटणाच्या आत कार्बनचा पातळ थर दिलेली पट्टी असे आणि तिच्यावरून धातूची छोटी जीभ सरकत असे. वर्षानुवर्षे घासून थर झिजला की खरखर सुरू होई.

कंट्रोलरच्या स्टिकखाली हीच यंत्रणा छोट्या आकारात असते. एक डावी-उजवी हालचाल मोजते, दुसरी पुढची-मागची. स्टिक मधोमध असताना अमुक इतका विद्युतदाब मिळायला हवा, असे कंट्रोलरला ठाऊक असते. थर झिजला, त्यावर भुकटी साचली किंवा स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल झाली, की हा आकडा बदलतो. कंट्रोलरला वाटते, अंगठा अजून स्टिकवर आहे. यालाच खेळणारी मुले 'ड्रिफ्ट' म्हणतात.

ही झीज किती लवकर होऊ शकते? अमेरिकेतील 'आयफिक्सिट' या दुरुस्तीविषयक संस्थेने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलर उघडून पाहिला. त्यातल्या स्टिकच्या भागाचे आयुष्य उत्पादकाने २० लाख फेऱ्यांचे दिलेले होते. वेगवान नेमबाजीचा खेळ खेळणाऱ्याच्या हातून हा आकडा सुमारे ४१७ तासांत गाठला जाऊ शकतो, असा हिशेब त्या संस्थेने मांडला. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलासाठी हे सात महिनेसुद्धा होत नाहीत.

निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्राच्या छोट्या कंट्रोलरांवर, म्हणजे जॉय-कॉनवर, तर अमेरिकेत २०१९ मध्ये ग्राहकांनी सामूहिक दावाच दाखल केला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली आणि २०२३ मध्ये कंपनीने तिकडच्या ग्राहकांना वॉरंटी संपल्यानंतरही हा दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे मान्य केले.

तात्पर्य, ड्रिफ्ट हा बहुधा झिजेचा दोष असतो, बेफिकिरीचा नव्हे. आपटलेल्या कंट्रोलरची लक्षणे वेगळी असतात. कवचाला तडा जातो, आत काहीतरी खुळखुळते, चाप तुटतो किंवा कंट्रोलर एकाएकी बंद पडतो. मुलाला जबाबदार धरण्याआधी हा फरक पाहा.

दुकानात नेमके काय होते?

'स्टिक दुरुस्त केली' या तीन शब्दांत तीन अगदी वेगळी कामे दडलेली असतात.

पहिले काम सफाईचे. कारागीर स्टिकच्या भागात सफाईचा द्रव फवारतो आणि स्टिक गोल गोल फिरवतो. दोष धुळीचा असेल तर याने भागते. थर झिजलेला असेल तर मात्र थोड्याच दिवसांत ड्रिफ्ट परत येतो, कारण झिजलेला थर धुऊन भरून येत नाही.

दुसरे काम स्टिकचा पूर्ण भाग बदलण्याचे. हे नाजूक काम आहे. सोनीच्या कंट्रोलरांत हा भाग १४ ठिकाणी झाळलेला असतो. जुने झाळकाम वितळवून भाग काढताना उष्णता जास्त झाली, तर पट्टीवरची तांब्याची बारीक रेघ उखडते. झाळ कच्ची राहिली, तर जोड कधी लागतो, कधी सुटतो.

तिसरे काम मोजमापाचे, आणि तेच बहुधा राहून जाते. ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्स या कंट्रोलरांत स्टिकचा मध्य कुठे आणि टोके कुठे, हे कारखान्यातच मोजून कंट्रोलरच्या स्मृतीत साठवलेले असते. नवा भाग बसवला की हे माप नव्याने नोंदवावे लागते. ते केले नाही, तर कोरा करकरीत भागसुद्धा चुकीचा आकडा दाखवतो. काटा शून्यावर न आणता तराजूत माल तोलावा, तसाच हा प्रकार.

आधी सोप्या गोष्टी तपासा

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी क्रमाने करा आणि प्रत्येक वेळी काय दिसले, ते कागदावर लिहून ठेवा.

१. दोष यंत्राचा की कंट्रोलरचा? शेजाऱ्यांकडून किंवा मुलाच्या मित्राकडून त्याच प्रकारचा चांगला कंट्रोलर तासभर मागून आणा आणि आपल्या यंत्राला जोडा. तो नीट चालला तर यंत्र निर्दोष आहे. शक्य असल्यास आपला कंट्रोलर त्यांच्या यंत्रावर लावून पाहा.

२. केबल बदलून पाहा. बाजारात मिळणाऱ्या काही यूएसबी केबल फक्त चार्जिंग करतात, माहिती वाहून नेत नाहीत. अशा केबलने दिवा लागतो, पण कंट्रोलर यंत्राशी जोडला जात नाही, आणि आपण दोष कारागिराला देतो.

३. रिसेट करा. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या कंट्रोलरच्या मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. यंत्र पूर्ण बंद करून त्या छिद्रात टाचणी घालून आतले बटण पाचेक सेकंद दाबून धरा. मग यंत्र चालू करा, कंट्रोलर केबलने जोडा आणि मधले पीएस बटण दाबा. जोडणीतला गोंधळ असेल तर तो याने सुटतो.

४. यंत्राच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का, ते पाहा.

५. एक्सबॉक्सच्या ज्या कंट्रोलरांत साधे पेन्सिल सेल घालतात, त्यांत नवे सेल घाला आणि सेलच्या जागेतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर आहे का, ते पाहा. असल्यास तो कोरड्या कापडाने पुसा.

६. दोष एकाच खेळात दिसतो की सर्व खेळांत? एकाच खेळात दिसत असेल, तर त्या खेळाच्या सेटिंगमध्ये 'डेड झोन' शोधा. स्टिकची मध्याजवळची किती हालचाल दुर्लक्षित करायची, ते तिथे ठरवता येते. थोडा वाढवला की किरकोळ ड्रिफ्ट झाकला जातो. मात्र हे मलम आहे, औषध नव्हे.

पडद्यावरचा ठिपका खरे सांगतो

आता खरी परीक्षा. कंट्रोलर यूएसबी केबलने घरच्या संगणकाला जोडा. विंडोजच्या शोधाच्या चौकटीत 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' असे इंग्रजीत टंकले की एक खिडकी उघडते. तिथे कंट्रोलरचे नाव निवडून 'प्रॉपर्टीज' दाबा. चौकटीत अधिकच्या आकाराची एक खूण दिसेल. ती डाव्या स्टिकची. सोनीच्या कंट्रोलरच्या उजव्या स्टिकची आणि चापांची हालचाल शेजारच्या पट्ट्यांवर दिसते. प्रत्येक बटण दाबताच त्याचा दिवा लागतो.

स्टिकला हात न लावता अर्धा मिनिट फक्त पाहत राहा. नंतर ती चारही दिशांना टोकापर्यंत न्या, हळूच सोडा, झटक्याने सोडा. मुलालाच हे करायला सांगा आणि मोबाइलवर त्याचे चित्रण करा. ते पुढे उपयोगी पडेल. मुलाच्या दृष्टीनेही हा एक धडाच असतो. बिघडलेली वस्तू टाकून देण्याआधी ती समजून घ्यायची असते, हे तो या निमित्ताने शिकतो.

याच खिडकीत 'कॅलिब्रेट' असा एक पर्याय असतो. तिथे केलेले माप फक्त त्या संगणकात राहते, कंट्रोलरच्या स्मृतीत जात नाही. म्हणून एखाद्या दुकानदाराने आपल्या संगणकावर 'बघा, आता अगदी मधोमध आहे' असे दाखवले, तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. गेमच्या यंत्रावर लावून दाखवा, असे सांगा.

कोणते लक्षण, कोणता दोष?

खूण मध्यापासून थोडी बाजूला, पण स्थिर: भाग बदलला, माप नोंदवायचे राहिले, अशी शक्यता सर्वांत मोठी. इथे नव्याने झाळकाम करावे लागत नाही. फक्त माप नोंदवून घ्यायचे.

खूण थरथरते, उड्या मारते: थर झिजलेला किंवा मळलेला आहे. भाग बदललाच नसावा, किंवा बसवलेला भाग हलका असावा.

स्टिक एका दिशेला चालते, दुसऱ्या दिशेला अजिबात नाही: त्या बाजूची झाळ कच्ची आहे किंवा तांब्याची रेघ तुटली आहे. हा दुरुस्तीतला दोष असण्याची शक्यता मोठी.

खूण टोकापर्यंत पोहोचत नाही: माप चुकले आहे, किंवा कवच नीट न बसल्याने स्टिक कडेला अडते आहे.

एकदम तीन-चार बटणे मुकी: ड्युअलशॉक ४ मध्ये बटणांखाली एक पातळ, लवचिक पट्टी असते आणि फोमच्या दाबाने ती मुख्य पट्टीला टेकलेली असते. कंट्रोलर बंद करताना ती सरकली, की काही बटणे काम करेनाशी होतात.

चाप सैल पडला, परत वर येत नाही: उघडताना त्याची छोटी स्प्रिंग निसटली आहे.

एका बाजूचे कंपन बंद: कंपन देणाऱ्या मोटरची नाजूक तार उघडझापीत तुटली आहे.

चार्ज होत नाही: चार्जिंगच्या खाचेपासून मुख्य पट्टीपर्यंत जाणारी चपटी केबल नीट बसलेली नाही, किंवा बॅटरीची पिन सैल आहे.

दुरुस्तीपूर्वी नसलेले आणि दुरुस्तीनंतर लगेच उपटलेले लक्षण कारागिराच्या हातून झालेले असण्याची शक्यता मोठी. पूर्वीचेच लक्षण परत आले असेल, तर काम अपुरे झाले, असे समजावे. दुकानात बोलताना हा फरक फार कामी येतो.

एवढे मात्र करू नका

पैसे देऊन दुरुस्त करून घेतलेला कंट्रोलर घरी उघडू नका. एकदा तुम्ही स्क्रू फिरवला की 'तुम्हीच बिघडवला' असे म्हणायला दुकानदार मोकळा.

स्टिकच्या फटीत केसांचे तेल, शिलाई मशीनचे तेल, अत्तर किंवा रॉकेल घालू नका. तेलावर धूळ चिकटते आणि दोष वाढतो. वॉरंटीही नाही आणि दुकानदाराची मुदतही संपली, अशा जुन्या कंट्रोलरची सफाई करायचीच असेल, तर तो बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंबच वापरा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका. जवळपास दिवा, उदबत्ती किंवा गॅस पेटता नको.

कंट्रोलर फुगल्यासारखा दिसत असेल, कवचाची फट उघडली असेल किंवा चार्ज होताना तो फार तापत असेल, तर आतली लिथियम बॅटरी बिघडली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग तत्काळ थांबवा आणि तो मुलांच्या हाती देऊ नका. बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

दुकानात परत जाताना

हातात बिल, मोबाइलवर चित्रण आणि कागदावर चार ओळी असू द्या. 'तुम्ही वाट लावली' असे म्हणण्यापेक्षा 'भाग बदलल्यावर माप नोंदवले होते का?' हा प्रश्न जास्त परिणाम करतो. ग्राहकाला काय झाले आहे ते समजते, हे लक्षात येताच बहुतेक कारागीर कंट्रोलर पुन्हा हातात घेतात. सगळेच फसवणारे नसतात. घाईगर्दीत एखादी पायरी राहून जाते, आणि ती कोणती हे आपण सांगितले तर त्यांचेही काम सोपे होते.

तरीही दाद मिळाली नाही तर? पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल तक्रार करता येते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्यात बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आधी दुकानदाराला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अनेक तक्रारी तिथेच मिटतात. नाहीच मिटली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कंट्रोलर दिल्लीला पाठवून दुरुस्त केला असेल आणि आपण नागपूर किंवा इंदूरला राहत असू, तरी दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत.

पुन्हा दुरुस्ती की नवा?

फक्त माप राहिले असेल, पट्टी सरकली असेल किंवा स्प्रिंग निसटली असेल, तर कंट्रोलर जरूर पुन्हा दुरुस्त करून घ्या. तांब्याची रेघ उखडली असेल आणि दोन हातांतून जाऊनही जोड टिकत नसेल, तर आणखी पैसे घालू नका. दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च नव्या कंट्रोलरच्या निम्म्यावर जात असेल, तरी थांबलेले बरे.

भाग बदलायचाच झाला, तर चुंबकीय स्टिक मिळेल का, हे विचारा. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती चालते. तिच्यात जीभ आणि थर यांचे घर्षण नसते. चुंबक हलतो आणि संवेदक ते दुरूनच ओळखतो. सेगा कंपनीने १९९८ मध्ये जपानात आणलेल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही हीच युक्ती होती. यात थर झिजण्याचा प्रश्नच नाही. मात्र स्प्रिंग सैल होऊ शकते आणि माप नोंदवणे इथेही चुकत नाही.

पुढच्या वेळी कंट्रोलर दुरुस्तीला देताना पाच गोष्टी ध्यानात ठेवा. बिल काढून मूळ वॉरंटी संपली आहे का ते पाहा, संपली नसेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जा. कंट्रोलरचे आणि त्यावरच्या क्रमांकाचे छायाचित्र काढा. सफाई करणार की भाग बदलणार, हे बिलावर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. आणि कंट्रोलर घेताना काउंटरवरच प्रत्येक बटण, दोन्ही स्टिक, दोन्ही चाप, कंपन आणि चार्जिंग तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पाच मिनिटे लागतील, पण तेवढ्याने दुसरी खेप वाचेल आणि घरात मुलाला विनाकारण बोल लावण्याची वेळही येणार नाही.